धिप्पाडरावाचे पाय

४ जून

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. नाही.

उत्तर आधीच देऊन टाकलं, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील. 'चि.' वगैरे लिहीत नाही, कारण तूही मला 'आदरणीय भगिनी' असं टाइप करून पाठवलंयस. वाचून मी दुकानात मोठ्यानं हसले. समोर चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला बसलेल्या बाई दचकल्या. म्हटलं, काही नाही हो, भावाचं पत्र आहे. लिफ्टच्या कंपनीत साहेब आहे तो, त्याला आता घरच्यांशीही असंच बोलायची सवय लागलीय.

किती वर्षांनी लिहिलंस ते मी मोजत नाही. कशासाठी लिहिलंस तेवढं पाहिलं. तर तुझं म्हणणं असं, की खेळण्यांचं एक मोठं कायमचं प्रदर्शन उभं राहतंय आणि त्या लोकांना आपला धिप्पाडराव हवाय. तसा, त्या रंगाचा, पाचही भाग शाबूत असलेला त्यांनी दुसरा पाहिलेला नाही. ते त्याला काचेच्या पेटीत उभा करणार. पुन्हा कधी पडू नये म्हणून त्याचे सगळे सांधे आतून चिकटवून टाकणार. खाली आप्पांच्या नावाची पाटी. तुझ्याकडचे दोन पाय 'माळ्यावर खोक्यात नुसते पडून आहेत' म्हणे, तेव्हा माझ्याकडचं धड आणि दोन हात मी पाठवून द्यावेत. "आप्पांची आठवण कायम राहील."

अरे, आप्पांनी जन्मभर चष्म्याच्या दांड्या दुरुस्त केल्या. दांडी उघडली पाहिजे, मिटली पाहिजे आणि कानावर थांबली पाहिजे. त्या माणसाच्या नावाची पाटी तू न हलणाऱ्या सांध्यांखाली लावणार? तुमच्या कंपनीची लिफ्ट अडकायला लागली तर तुम्ही ती दुसऱ्या मजल्यावर चिकटवून ठेवता का?

साहेब झाल्यावर माणूस विसरतो, म्हणून आठवण करून देते. धिप्पाडराव हा एक नाही, पाच आहेत. बुलडोझर, बंब, क्रेन, डंपर आणि मिक्सर. वळवले, उलटले की प्रत्येकाचा एक रोबो होतो, आणि पाचही रोबो एकमेकांत अडकवले की धिप्पाडराव. बुलडोझरचं धड, बंब नि क्रेनचे हात, डंपर डावा पाय, मिक्सर उजवा. पाचही आप्पांनी जुन्या बाजारातून एकेक करून आणले. एकाचीही मान ताठ नव्हती. हात वर केला की आपोआप खाली यायचा. मग रविवारी दुकान बंद असताना आपण तिघं बसायचो. सांध्यातली गोळी वाटीतून काढून आप्पा तिच्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचे, मी ती चिमट्यात धरून परत वाटीत बसवायची, आणि वाळेपर्यंत सांधा फिरवत राहायचं काम तुझं. थांबलं की सांधा जाम झालाच. तू कधी थांबला नाहीस. नाकातून गाणं म्हणत फिरवत बसायचास.

आप्पा गेल्यावर तूच म्हणालास, "ताई, दुकान बंद कर, ढिल्या सांध्यांवर कुणाचं पोट भरतं का?" मी म्हटलं, माझं भरतंय. त्यावरून जे काय बोलायचं ते आपण दोघंही बोललो. मग 'वाटणी म्हणजे वाटणी' म्हणून तू डंपर आणि मिक्सर पिशवीत घातलेस आणि दार आपटून गेलास. पाच भागांतून नेमके पाय उचललेस तू. आणि आता विचारतोस, की धड तिथे ठेवून तुला काय उपयोग?

उपयोग नाही. देणारही नाही.

ताई

ता. क. पुन्हा 'भगिनी' लिहिलंस तर न वाचता परत पाठवीन.


१७ जून

छोट्या,

मी नाही म्हटलंय हे प्रदर्शनाच्या माणसाला सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? आज सकाळी ते गृहस्थ थेट दुकानात हजर. मी त्यांना काचवाले म्हणते. नाव सांगितलं त्यांनी, पण मला काचवालेच बरं वाटतं.

खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले. मी फडताळातून बुलडोझर काढला तर म्हणाले, "आपण याला असाच हात लावता?"

"मग काय लावू?" मी म्हटलं. "पाय लावले असते, पण ते धाकट्या भावाकडे आहेत."

हसले नाहीत. हसायला हवं होतं, एवढं काही वाईट नव्हतं. मग मी त्यांच्यासमोर बुलडोझरचं धड करून दाखवलं. फाळ उलटा, कणा ताणला, छाती उघडली, खट, खट, खट. प्रत्येक खटक्याला त्यांचे डोळे मिटत होते. म्हणाले, "बाई, प्रत्येक वेळी झीज होते हो."

"होते ना. झिजतं म्हणून तर हे दुकान आहे."

माणूस वाईट नाही, हेही सांगते. त्याला सगळं माहीत होतं. हा रंग कोणत्या साच्याचा, कोणती पिन नंतर बदलली, सगळं. बंबाची शिडी मूळची आहे हे पाहून तर त्याचा आवाजच बदलला. मला अशी माणसं आवडतात. फक्त त्याला खेळणं गप्प बसलेलं आवडतं आणि मला ते हललेलं आवडतं. यात तडजोड कशी होणार? अर्धं चिकटवून?

त्याच्याही चष्म्याचा स्क्रू निसटायला आला होता. म्हटलं, द्या इकडे. कुणीतरी हौशीनं तो सरळ दाबून पिळला होता, आटे खराब. स्क्रू आधी उलटा फिरवायचा, टक् करून जुन्या आट्यात उतरला की मगच सुलटा, हे लोकांना कोण सांगणार? मी तो बसवत असताना काचवाले माझ्या हाताकडे बघत होते. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही किती दिवस हे सांभाळणार? तुमच्यानंतर कोण?"

मी स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घेतला होता, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. तुला हे उगाच लिहिलं. अंगठ्याचं काही नाही, तू विचारू नकोस.

पण ते वाक्य मला लागलं. ते गेल्यावर मी बराच वेळ काही काम केलं नाही. मग धड आणि हात जोडले आणि चहाच्या डब्यावर बसवून ठेवले. बिनपायाचा माणूस कुठेतरी बसणारच. बसल्या बसल्याही रुबाब आहे त्याचा. गिऱ्हाइकं विचारतात, हा कोण? मी सांगते, मालक.

जाताना काचवाले एक बोलले. तू तुझे पाय द्यायला कबूल झालायस, म्हणजे तशी सहीच केलीयस. फक्त डावा गुडघा वाकलेल्या अवस्थेत जाम आहे, तो सरळ झाल्याशिवाय त्यांना घेता येत नाहीत. माळ्यावर खोक्यात पडलेला गुडघा आपल्याआप जाम कसा होतो रे? मी इतकी वर्षं हेच करतेय, मला तर असा एकही भेटला नाही.

ताई


२९ जून

छोट्या,

तू उत्तर पाठवत नाहीस, पण गिऱ्हाइकं पाठवतात. परवा एक पार्सल आलं. आत दोन पाय. म्हणजे एक डंपर आणि एक मिक्सर. सोबत टाइप केलेली चिठ्ठी: 'डावा गुडघा जाम. उजवा खुबा ढिला. दुरुस्त करून परत पाठवावे. एक हौशी संग्राहक.'

संग्राहक! परतीचा पत्ता भलत्याच गल्लीतला, तुझ्या कुणा मित्राचा असणार. पण पार्सलवरचं अक्षर तुझ्या बायकोचं. ती 'ळ' अजून चष्म्यासारखा काढते. आणि डंपरच्या मागच्या फळीवर दात उमटलेत, तेही दुधाचे. चिडला की डंपर चावणारा एकच प्राणी माझ्या माहितीत होता.

असो. तू या गिऱ्हाइकाला ओळखत नाहीस, तेव्हा त्याच्याबद्दल तुझ्याशी मोकळेपणानं बोलायला हरकत नाही.

आधी उजवा खुबा. तो खटक्याचा सांधा आहे, आत दाते असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून पाय थांबतो. हे दाते झिजून गुळगुळीत झालेत. माळ्यावर पडून दाते झिजत नाहीत. कुणीतरी वर्षानुवर्षं, अगदी नेमानं, मिक्सरचा पाय आणि पायाचा मिक्सर करत बसलेलं आहे. वरचं धड नाही, दुसरं काही नाही, नुसता पाय. माझ्या डोळ्यांसमोर हे गिऱ्हाईक येतं. ऑफिसातून आलेलं, जेवणाच्या टेबलाशी बसलेलं, बायको काहीतरी सांगतेय आणि हे खट, खट, खट. तिनंच वैतागून पार्सल बांधलं असेल.

आता गुडघा. त्यात सुपरग्लू ओतलाय. सोडलेला नाही, ओतलाय. मी भिंगातून पाहिलं तर फटीतून बाहेर आलेल्या गोंदाला वळसे पडलेले दिसले, गोल गोल. म्हणजे हा माणूस गोंद घालून फिरवत होता. शेवटपर्यंत फिरवत होता, गोंदानं धरलं तेव्हाच थांबला. असली चूक मी आजवर पाहिली नाही. लोक गोंद घालतात आणि फिरवायचं विसरतात. या माणसाला फिरवायचं पक्कं ठाऊक होतं, थेंब केवढा ते माहीत नव्हतं. कारण थेंब नेहमी दुसऱ्याच कुणीतरी सोडलेला.

गाढवा, विचारायचं होतंस. एक फोन. 'ताई, थेंब केवढा?' एवढंच. मी शिव्या दिल्या असत्या आणि सांगितलं असतं.

आज माझ्या टेबलावर पाचही आहेत. धड डब्यावर, पाय समोर. काचवाल्यांना धड मिळणार नाही आणि आता पायही माझ्या ताब्यात. ठेवून घेतले तर तो हौशी संग्राहक काय करील? कुठे तक्रार करील? मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. खूप वेळा येऊन गेलं.

गुडघा फ्रीजरमध्ये घातलाय, बर्फाच्या ट्रेशेजारी. गोंद थंडीनं ठिसूळ होतो, मग हळूहळू सोडवता येतो. बघू.

ताई


८ जुलै

छोट्या,

म्हणजे सोंग संपलं एकदाचं. या वेळी हातानं लिहिलंस हे बरं केलंस, अक्षर अजून तसंच गचाळ आहे. "पाय माझे आहेत. दुरुस्त करून पाठव. चिकटवायचे की नाही ते मी बघीन. तू नेहमी सगळं आपल्याच हातात ठेवतेस."

ठेवते. माझ्या हातात राहिलं म्हणून राहिलं, नाहीतर दुकानही गेलं असतं आणि आज तू पार्सल कुणाला पाठवलं असतंस?

गुडघा सुटला. एका बाजूनं जरासा चरा गेलाय, तो तुझ्या ग्लूचा प्रसाद समज. साफ करून, पॉलिशचे दोन पातळ थर देऊन, फिरवून ठेवलाय. आता वाकतो आणि थांबतो. मात्र तो फिरवताना माझ्या अंगठ्यानं दगा दिला. सांगूनच टाकते. उजवा अंगठा धरतो हल्ली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक फिरवाफिरवी बंद करा. मी म्हटलं, करते, मग तुमच्या चष्म्याचं काय करायचं तेवढं सांगा. त्यांनी विषय बदलला. दुकान बंद करणार नाही. थेंब सोडायला अंगठा लागत नाही, फिरवायला लागतो.

आणखी एक. तुला न विचारता मी त्याला उभा केला. पाचही जोडले आणि टेबलावर सोडून दिला. आणि छोट्या, तो उभा राहिला रे! मी विसरलेच होते तो किती उंच आहे ते. आप्पांचा दिवा त्याच्या खांद्याला लागतो. मी मागे सरून बघत होते तेवढ्यात उजवा खुबा सरकला, पाय बाजूला गेला आणि धिप्पाडराव सावकाश कलंडला. मी झेललं त्याला. तू असतास तर म्हणाला असतास, 'पिऊन आलाय वाटतं.' दुकानात हसायला कुणी नव्हतं. मला तुझी फार आठवण आली. लिहिलं ते लिहिलं, आता खोडत नाही.

पण म्हणून मी नमते असं समजू नकोस. काचवाल्यांकडे तो कधी पडणार नाही, हे खरं. त्याचा पुन्हा कधी डंपर आणि मिक्सरही होणार नाही. आप्पांनी ज्याला उभं राहायला शिकवलं त्याला आपण बसायची बंदी करायची? मी जिवंत असेपर्यंत नाही. मी गेल्यावरही नको.

सोबत तुझे पाय परत पाठवतेय. अडवणार नाही. वाटणी म्हणजे वाटणी. गुडघा दुरुस्त आहे. खुबा मुद्दाम ढिला ठेवलाय. झिजलेल्या दात्यांवर पॉलिशचे पातळ थर द्यावे लागतील, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत कुणीतरी फिरवत बसावं लागेल. ते माझ्यानं होणार नाही.

तेव्हा तू ठरव. काचवाल्यांकडे ने, ते चिकटवतील, काम झटकन होईल. पण धड मिळणार नाही, मग त्यांनी काचेत नुसते दोन पाय उभे करावेत आणि त्याखाली आप्पांचं नाव लिहावं. नाहीतर रविवारी दुकानात ये. थेंब मी सोडीन.

आग्रह करत नाही. मला आग्रह करता येत नाही, हे तुला माहीत आहे.

ताई


२३ जुलै

छोट्या,

लाल मुठीचा बारका स्क्रूड्रायव्हर तू खिशात घालून नेलास. आप्पांचा आहे तो. सोमवारी सकाळी एक गृहस्थ एका कानावर चष्मा अडकवून आले आणि मी अर्धा टेबल उपसला. मग लक्षात आलं, चोर घरचाच.

रविवारी तू काचेबाहेर उभा राहून दुकानाची पाटी वाचत होतास तेव्हाच मी तुला पाहिलं होतं. पाटी तीच आहे, तीनच तर शब्द आहेत, इतका वेळ काय वाचत होतास? दार उघडायला उशीर केला तो मुद्दाम. 'बसा, काय काम होतं?' म्हटलं तेही मुद्दाम. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. केस कुठे गेले रे तुझे?

माफीबिफी तू मागितली नाहीस, मीही नाही. बरं झालं, सगळा वेळ खुब्याला मिळाला. पहिला थर दिला, तू फिरवायला लागलास आणि थोड्या वेळानं नाकातून तेच गाणं सुरू झालं. तुला कळलंही नाही. मी भिंगात डोळा घालून बसले होते ना, तेव्हा मी काहीही बघत नव्हते. रडत होते. आणि खुब्याचं झाकण बसवताना तू स्क्रू आधी उलटा फिरवलास, टक् झाल्यावर मग सुलटा. मी सांगितलं नव्हतं.

पाचही जोडले आणि धिप्पाडराव उभा राहिला. तू त्याच्या गुडघ्याला बोटानं टिचकी मारलीस. पडला नाही. मग तू फोन घेऊन बाहेर गेलास. दार लोटलं नव्हतंस, मला सगळं ऐकू येत होतं. 'आदरणीय महोदय' वगैरे काही नाही. नुसतं म्हणालास, "नाही." पलीकडून त्यांनी कारण विचारलं असणार. तू म्हणालास, "अहो, तो हलतो."

एवढंच कारण. मी चार पत्रं भरून लिहिलं ते तू दोन शब्दांत संपवलंस. साहेब उगाच नाही झालास.

आता त्या शेवटच्या गोष्टीचं. निघताना तू पाय धिप्पाडरावाला तसेच जोडलेले ठेवलेस आणि म्हणालास, "राहू देत तुझ्याकडे ताई, पुरता असू दे." मी तो खोलला, डंपर आणि मिक्सर केले, पिशवीत कोंबले आणि तुझ्या हातात दिले. तुझं तोंड एवढंसं झालं. तुला वाटलं, हिचा राग अजून गेला नाही. राग आहेच. इतक्या वर्षांचा आहे, एका रविवारात कसा जाईल? त्याला आणखी बरेच रविवार लागतील.

पण पाय दिले ते रागानं नाही. पाचही इथे राहिले तर तू कशाला येशील?

म्हणून पाय तुझ्याकडेच राहतील. रोज खट खट करत बस, बायकोला वैताग आण, सांधे पुन्हा ढिले कर. ढिले झाले की घेऊन ये. नाही झाले तरी घेऊन ये. आणि स्क्रूड्रायव्हर हातानं आणून द्यायचा. पार्सलनं पाठवलास तर मी घेणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तुझी भगिनी
(आदरणीय)